आईचे दात आणि पंच्याऐंशी मिलिमीटर

१४ एप्रिल, रविवार. सकाळ.

रोजनिशीची क्षमा मागतो. मागची नोंद एकवीस नोव्हेंबरची आहे आणि तिच्यात एकच वाक्य आहे: 'आता रोज लिहायचं.' मधल्या पाच महिन्यांबद्दल काही सबब द्यावी असं वाटलं होतं. पण ही वही माझ्याखेरीज कोणी वाचत नाही आणि माझ्या सबबी मला पाठ आहेत.

आज लिहायला बसलो, कारण काल आईकडे शिमोसुवाला गेलो होतो. तिने देव्हाऱ्यातल्या बाबांच्या फोटोपुढे चहा ठेवला, फोटोची काच पदराने पुसावी तशी ॲप्रनने पुसली आणि मागे न वळता म्हणाली, "तोमो, माझा फोटो तू आत्ताच काढून ठेव."

बाबांच्या फोटोबद्दल प्रामाणिकपणे लिहायला हवं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा अंत्यसंस्कारवाल्यांनी तासाभरात फोटो मागितला. मी सुवा तलावाच्या धक्क्यावर काढलेला दिला. त्यात फोकस बाबांवर नव्हता, त्यांच्या मागच्या हंसाच्या आकाराच्या होडीवर होता. त्या लोकांनी होडी काढून टाकली, मागे निळा रंग भरला, संगणकावर बाबांना काळा किमोनो चढवला. म्हणजे फोटोत जे स्पष्ट होतं ते गेलं आणि बाबा उरले. तेव्हापासून आई न्हाणीघराच्या वाफाळलेल्या काचेमागे उभ्या असलेल्या माणसाला रोज भात दाखवते आहे. मला ती एका शब्दाने बोललेली नाही. नुसती काच पुसते. पुसून तो स्पष्ट होणार नाही हे तिला माहीत आहे. ती लेन्सच्या कारखान्यात तपासणी विभागात होती, एकोणतीस वर्षं.

आता घाई का, असं मी विचारलं. दातांच्या डॉक्टरांनी एकोणीस ऑगस्टची तारीख दिली आहे. वरचे पुढचे सहा दात काढणार. "मला माझ्या दातांनी हसायचंय," आई म्हणाली. "कवळी लावून भिंतीवर हसत बसले तर तुम्ही सगळे दुसऱ्याच बाईला नैवेद्य दाखवणार."

चार महिने आहेत. भरपूर आहेत. संकल्प: याच महिन्यात कॅमेरा घेणे. एक कॅमेरा नव्हे, संपूर्ण सिस्टीम, पुढची वीस वर्षं पुरेल अशी. ही चूक दुसऱ्यांदा होणार नाही.

चिहारु म्हणाली, फोन आहे की. बायको म्हणून तिचा मला आदर आहे. मासिकांची यादी करायला घेतली.

१६ एप्रिल, मंगळवार.

ग्रंथालयात कॅमेऱ्यांच्या मासिकांचे गेल्या सहा वर्षांचे अंक आहेत. ते मीच मागवतो, मीच नोंदवतो. जेवणाच्या सुट्टीत वाचले. सुट्टी आज जरा लांबली. हे सरकारी वेळेत वाचणं झालं का? मी ग्रंथपाल आहे आणि वाचणं हे माझं काम आहे, या मुद्द्यावर स्वतःला संशयाचा फायदा दिला.

वाचनाचं सार: मोठा सेन्सर घ्यावा की लहान, हा खरा प्रश्नच नाही. खरा प्रश्न माउंटचा. बॉडीच्या तोंडाशी असलेलं ते धातूचं कडं, ज्यात लेन्स फिरवून बसते. बॉडी दर चार वर्षांनी बदलते. लेन्सा राहतात. आणि एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कड्यात बसत नाही. म्हणजे आज माणूस कॅमेरा निवडत नाही, कड्याशी लग्न करतो.

हे जेवताना चिहारुला समजावून सांगितलं. तिचं म्हणणं, माझ्याशी लग्न ठरवायला तू दोन चहा घेतलेस.

२८ एप्रिल, रविवार. संध्याकाळ.

आज आईला घेऊन मात्सुमोतोच्या मोठ्या कॅमेरा दुकानात गेलो. खरेदीसाठी नाही. चाचणीसाठी.

तिथे मोमोसे-सान म्हणून विक्रेते आहेत. साठी उलटलेली, निवृत्तीनंतर पुन्हा कामावर घेतलेले, पांढरे हातमोजे. कशाचे फोटो काढायचं मनात आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, व्यक्तिचित्र. एकच व्यक्ती. फारशी हलत नाही.

आई म्हणाली, "मीच ती. मेल्यानंतरचा."

मोमोसे-सान जराही बिचकले नाहीत. "मातोश्रींची तब्येत उत्तम दिसते," ते म्हणाले. "म्हणजे निवांत निवड करता येईल." मला हा माणूस आवडला. 'निवांत' हा शब्द व्यावसायिक सल्ला म्हणून लिहून घेतला.

त्यांनी माझं कार्ड नमुन्याच्या कॅमेऱ्यात घालू दिलं. आईला उंच स्टुलावर बसवलं. पाच लेन्सा, एकूण एकेचाळीस चाचणी-चित्रं. मध्येच आईने दुकानातली सर्वांत महागडी पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स हातात मागितली, एक डोळा मिटला, ट्यूबलाइटकडे तिरकी धरली आणि हसून ओरडली, "केस आहे हो हिच्यात! मागून दुसऱ्या काचेवर!" मोमोसे-साननी भिंग आणून पाहिलं. मग ते असे वाकले की त्यांचं कपाळ काउंटरला लागायचं बाकी राहिलं. मी त्या वेळी माहितीपत्रकातलं कोपऱ्यांच्या स्पष्टतेचं पान वाचत होतो, त्यामुळे हा प्रसंग मला अर्धाच दिसला. दरम्यान मोमोसे-साननी त्याच नमुन्याच्या कॅमेऱ्याला साधी झूम लावून, तीच ती बॉडीबरोबर फुकटासारखी येते, एकदोनदा शटर दाबून पाहिलं होतं.

घरी येऊन सगळी चित्रं संगणकावर चारशे टक्के मोठी करून तपासली. वरचा डावा कोपरा. तिथे दुकानाच्या 'सवलत' या पाटीची अक्षरं होती, त्यामुळे तुलना नेमकी करता आली. साध्या झूमच्या चित्रांत अक्षरांच्या कडा विरघळलेल्या. शेरा: अपात्र. आईचा चेहरा मध्यभागी होता. मध्यभागी सगळ्याच लेन्सा चांगल्या असतात, म्हणून तिकडे पाहिलं नाही.

६ मे, सोमवार. सुट्टी.

पहिली खरेदी झाली! ड्राय कॅबिनेट घेतलं. काचेचं दार, तीन कप्पे, आत कायम चाळीस टक्के आर्द्रता, पुढे हिरवे आकडे. जूनमध्ये पावसाळा लागेल आणि दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. ज्यांना हे उशिरा कळलं त्यांची पत्रं मासिकात वाचली आहेत. मी गोठा आधी बांधला.

चिहारुने विचारलं, आत काय ठेवणार. मी म्हणालो, सध्या काही नाही. तिने वाकून ते हिरवे आकडे मोठ्याने वाचले: चाळीस.

१९ मे, रविवार.

आईने केसांना पर्म करून घेतला आहे, कुरळा. माझ्याशी न बोलता. तिला वाटलं आज फोटो. मी एप्रिल म्हणालो होतो आणि मे उजाडला, तेव्हा आता तरी. पर्म दोन आठवडे बरा दिसतो, मग मेंढी होते, असं तिचं मत.

मी तिला शांतपणे सांगितलं की माझ्या यादीतल्या दोन्ही कंपन्या जुलैत नवी मॉडेलं जाहीर करणार अशी कुजबुज आहे, आणि आत्ता घेणं म्हणजे जुनं घेणं.

"माझ्या दातांचं नवीन मॉडेल ऑगस्टात येतंय," आई म्हणाली आणि लोणच्याचा मुळा मुद्दाम माझ्या डोळ्यांपुढे कडाकड चावला.

२ जून, रविवार.

आत्मपरीक्षण. मी चालढकल करतो आहे का? प्रश्न वहीत लिहिला आणि त्याखाली बाजूने व विरुद्ध असे दोन रकाने आखले. चालढकल करणारा माणूस काहीच करत नाही. मी गेल्या सात आठवड्यांत पंचावन्न लेख वाचले, चोवीस लेन्सांचे आलेख उतरवून घेतले, कपाट घेतलं. निष्कर्ष: नाही.

रकाने आखायला पाऊण तास गेला, हे कोणत्या रकान्यात लिहावं ते ठरलं नाही.

२३ जून, रविवार.

पावसाळा लागला. कपाट उत्तम चालतं. बाहेर ब्याऐंशी, आत चाळीस.

चिहारुने नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या पापडांची, तीन पाकिटं हातात घेऊन विचारलं, खालच्या कप्प्यात ठेवू का, डब्यात मऊ पडून ओल्या कागदासारखी लागतात. रिकाम्या कपाटाला वीज कशाला घालायची, हा तिचा मुद्दा तर्काला धरून होता. परवानगी दिली. तात्पुरती. फक्त खालचा कप्पा.

रात्रीच्या जेवणात नोरी इतकी कुरकुरीत होती की बोलणं थांबलं.

३० जून, रविवार.

एक मोठा विचार सुचला. इतके दिवस कसा सुचला नाही! आईकडच्या कपाटात बाबांचा जुना फिल्म कॅमेरा आहे. बाबा त्याच कारखान्यात लेन्सा घासायचे. त्यांची लेन्स नव्या बॉडीला अडॅप्टरने जोडायची आणि आईचा शेवटचा फोटो बाबांच्या काचेतून काढायचा. मला लिहिताना गहिवरून येतंय.

आईला आलं नाही.

"त्यातून नको," ती म्हणाली. "त्यातून त्यांनी चाळीस वर्षं मला डोळे मिटलेलीच काढली."

तरी डबा उघडला. आईने लेन्स उजेडाकडे धरली. आत बुरशीचं जाळं, हिवाळ्यात खिडकीवर बर्फाची नक्षी उमटते तसं. लेन्सच्या बाजूला, आतल्या कडेला, एक लाल ठिपका होता. तो मी लहानपणापासून पाहत आलो आणि कधी विचारलं नाही. आज विचारलं.

"तो माझा आहे," आई म्हणाली. "नापास केलेल्या लेन्सला लाल ठिपका. ही मी नापास केली होती. दोन बुडबुडे होते. तर हा माणूस तरातरा वर आला, मी घासलेली लेन्स कोणी नापास केली म्हणून. मी म्हटलं, मी. तो म्हणाला, बुडबुडे दाखवा. मी दाखवले. मग रोजच काहीतरी बघायला यायला लागला." कारखान्यात नापास माल भंगारात जाण्याआधी कामगारांना स्वस्तात मिळायचा. बाबांनी ती घेतली. लग्नानंतर घरात सगळीकडे लाल ठिपक्याच्याच काचा. दुर्बीण, भिंग, सगळं.

हे छान होतं, पण बुरशी असलेली लेन्स कपाटात ठेवता येत नाही. संसर्ग होतो. आत नोरी आहे.

९ जुलै, मंगळवार.

नवं मॉडेल जाहीर झालं. विक्री ऑक्टोबरपासून.

तारीख तीनदा वाचली.

मग लक्षात आलं की यात संकट नाही. नवं जाहीर झाल्यामुळे जुनं आता काळाच्या कसोटीवर उतरलेलं मॉडेल म्हणता येईल. मी मे महिन्यात घेतलं असतं तर ते तेव्हा कसोटीवर उतरलेलं नव्हतं. म्हणजे वाट पाहण्याचा फायदाच झाला.

आईचा दुसरा पर्म वाया गेला. तिने फोनवर सांगितलं. तक्रार म्हणून नाही, हवामान सांगावं तसं.

१४ जुलै, रविवार.

घेतली! बॉडी घेतली! लहान सेन्सर, हलकी, मोमोसे-सानकडून. एक्क्याण्णव दिवसांचा विचार त्या पिशवीत होता.

मोमोसे-सान म्हणाले, याबरोबर ही साधी झूम घेऊन टाका, घरच्या फोटोंना झकास आहे. मी हसून नाही म्हणालो. माणूस चांगला आहे, पण त्याने कोपरे पाहिलेले नाहीत. लेन्स मी तोक्योच्या जुन्या बाजारातून पारखून आणणार. पंच्याऐंशीच, एक पूर्णांक चारची, म्हणजे जिथे फोकस तेवढंच स्पष्ट आणि बाकी सगळं विरघळलेलं. व्यक्तिचित्राला दुसरी नाही.

बॉडी वरच्या कप्प्यात ठेवली. मधल्या कप्प्यात तांदळाच्या चकत्या आल्या आहेत. हे कधी झालं?

३ ऑगस्ट, शनिवार. रात्रीच्या परतीच्या गाडीत.

आजचा दिवस माझ्या आयुष्यातल्या थोड्या नेमक्या दिवसांपैकी एक.

सकाळच्या गाडीने तोक्यो, तिथून नाकानोचा जुना बाजार. खिशात सत्तावीस मुद्द्यांची तपासणी-यादी: धूळ, बुरशी, धुकं, आतल्या छिद्राच्या पात्यांवरचं तेल, फोकसच्या कड्याचा जडपणा, मागच्या स्क्रूंवर पेचकस फिरल्याच्या खुणा. तिसऱ्या दुकानात मिळाली. आईसारखा एक डोळा मिटून तिरकी धरली. दुकानदार माझ्याकडे आदराने पाहत होता, किंवा तसं वाटलं. आत काहीही नव्हतं. निव्वळ काच. सत्तावीसपैकी सत्तावीस.

दुकानदाराने विचारलं, बॉडी बरोबर आणली आहे का, लावून बघायला. मी म्हणालो, ती घरी आहे, चाळीस टक्के आर्द्रतेत.

कोफु स्टेशनपर्यंत लेन्स मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, बाळ आहे का. त्यांना पिशवीचा आकार दिसला असणार.

४ ऑगस्ट, रविवार.

बसत नाही.

४ ऑगस्ट. दुपार.

सविस्तर लिहायला हवं. कंपनी तीच. पण ही लेन्स आरसा असलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या माउंटची आहे आणि माझी बॉडी नव्या माउंटची. कड्यांची मापं वेगळी. लेन्स बॉडीच्या तोंडावर नुसती ठेवली जाते, दुसऱ्याच्या भांड्यावरच्या झाकणासारखी.

सत्तावीस मुद्द्यांत 'माउंट' हा मुद्दा नव्हता. तो मी पहिल्या मसुद्यात लिहिला होता आणि 'हे कोणीही पाहतंच' असं म्हणून खोडला होता. मसुदा सापडला. खोडलेलं दिसतंय. अक्षर माझंच आहे.

अडॅप्टर मिळतो. मात्सुमोतोला शिल्लक नाही. मोमोसे-सान फोनवर म्हणाले, पितरांच्या सुट्ट्यांमुळे गोदाम बंद, सतरापर्यंत येईल असं धरून चला. त्यांनी 'ती साधी झूम मात्र आहे' असंही सांगितलं. मी आभार मानले.

चिहारु कपाटापाशी गेली. तिने मधल्या कप्प्यातून चकत्यांचं पाकीट काढलं, उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार. ओबोन, पितरांचा सण.

आईकडे. संध्याकाळी दारात काड्या पेटवून बाबांना वाट दाखवली. पितरांना बसून यायला करतात तो काकडीचा घोडा या वर्षी आईनेच केला. चौथा पर्म. चांगला बसला आहे, पण आता केसांतून वास येतो, रसायनांचा.

देव्हाऱ्यापुढे हात जोडले तेव्हा मनातल्या मनात बाबांची माफी मागितली, होडीबद्दल. ते धूसर होते, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते समजलं नाही.

आईने घंटी वाजवली आणि त्यांना म्हणाली, "तुमचा लेक अजून लेन्स बसवतोय. तुम्ही बसा."

एकोणीस तारीख बदलून मागता येईल का, असं मी हळूच विचारलं. आई म्हणाली, "पुढची तारीख नोव्हेंबरात आहे. तोवर हे सहा जण आपण होऊन येतील हातात. परवा टोफू खाताना एक हलला." आणि तिने बोटाने हलवून दाखवला. तो दात खरंच हलत होता. टोफू खाताना!

मी आजवर या तारखेकडे तारीख म्हणून पाहत होतो. आज तो दात पाहिला.

१७ ऑगस्ट, शनिवार.

अडॅप्टर आला. कट्ट करून बसला. लेन्स कट्ट करून बसली. हा आवाज मी सहा वेळा केला.

उद्या फोटो. सगळं ठरलं आहे. मागच्या चार महिन्यांतली प्रत्येक गोष्ट बरोबरच होती, असं आता मागे वळून म्हणता येतं.

१८ ऑगस्ट, रविवार. दुपार, आईच्या अंगणात.

आताच संपवलं. थकलो आहे, पण समाधानी.

एक छोटी अडचण आली. पंच्याऐंशी मिलिमीटर लहान सेन्सरवर आणखी लांबचं पाहते, हे मला आलेखांतून माहीत होतं. आईची खोली आठ चटयांची, म्हणजे जेमतेम चार-पाच पावलांची आहे हेही माहीत होतं. दोन्ही एकत्र कधी ठेवली नव्हती. खोलीत मागे मागे जात गेलो तरी चौकटीत आईचं नाक आणि गाल. शेवटी सरकतं दार काढून मी ओट्यावर गेलो, तिथून खाली अंगणात, तिथून हायड्रेंजियाच्या झुडपात. तिथून आई खांद्यापर्यंत मावली. आई आत, देव्हाऱ्यापुढे, जांभळट किमोनोत. तिथेच बसेन म्हणाली, यांच्यापाशी.

मी झुडपातून ओरडून सूचना देत होतो. शेजारच्या हिराबायाशी काकू कुंपणावरून म्हणाल्या, "तोमो, घरात घेत नाही का रे आई?" आई इतकी हसली! सगळे दात दिसले. तेव्हा मी सलग तीस वेळा शटर दाबलं.

एकूण तीनशे बारा. कॅमेरा चेहरा आपोआप ओळखून त्यावर फोकस धरतो. दर वेळी हिरवी चौकट चेहऱ्यावर बसताना मी डोळ्यांनी पाहिली. उन्हात मागचा पडदा नीट दिसत नव्हता, पण हिरवी चौकट दिसली. चेहऱ्यावर.

१८ ऑगस्ट. संध्याकाळ, साडेसहा.

चेहरा बाबांचा होता.

तीनशे बारापैकी तीनशे बारा. कॅमेऱ्याने देव्हाऱ्यातल्या फोटोतला चेहरा ओळखला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. फ्रेमची कड, काचेवरचं ॲप्रनचं पुसणं, सगळं लखलखीत. बाबांचा धूसरपणा अतिशय स्पष्ट आला आहे. त्याचा कण न् कण मोजता येतो. पुढे आई आहे, हसते आहे, आणि एक पूर्णांक चारमुळे ती जांभळट वाफ झाली आहे.

चारशे टक्क्यांवर पाहिलं. कोपरे उत्तम.

चिहारु मागे येऊन उभी राहिली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी दोन माणसांचे फोटो काढले. दोघांचेही असेच आले. याला योगायोग म्हणायचं की स्वभाव?

उद्या सकाळी सातला आईकडे. डॉक्टर दहाला. तीन तास आहेत. तीन तास भरपूर आहेत.

१९ ऑगस्ट, सोमवार. दातांच्या दवाखान्यात. आई आत गेली आहे.

सातला पोचलो. आई घरी नव्हती, मैदानावर रेडिओवरच्या कवायतीला गेली होती. परत आली ती घामाने केस चपटे झालेली. मी हकिगत सांगितली. आई देव्हाऱ्यापुढे बसली आणि बाबांना म्हणाली, "मिळाला ना अखेर स्पष्ट फोटो? तीनशे बारा."

मग तिने कंगवा फिरवला, बसली. मी झुडपात गेलो. बाबांचा फोटो पालथा घालायचा नाही असं आईने बजावलं होतं, म्हणून मी हाताने फोकस करायला लागलो. ती हसायचा प्रयत्न करत होती. पण आज ते येत नव्हतं. तोंड आज्ञेवर उघडत होतं. मी 'जरा मोकळं' म्हणालो. ती म्हणाली, "तोमो, पुरे. मला भीती वाटतेय रे त्या दातवाल्याची."

मी कॅमेरा खाली केला. आईला भीती वाटते, हे मी शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

टॅक्सीने इथे आलो. बाकावर बसलो. मला वाटलं अजून वीस मिनिटं आहेत. मी कॅमेरा काढला आणि मागे मागे सरकू लागलो. दारापर्यंत गेलो, दार आपोआप उघडलं, काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, आत तरी या नाहीतर बाहेर तरी जा, गार हवा जाते. आत आलो.

आई म्हणाली, "त्या दुकानातले कुठे आहेत?"

"कुठल्या दुकानातले?"

"मात्सुमोतोचे. तू काढले होतेस की ढीगभर."

"ते फोटो नव्हेत, आई. चाचणी-चित्रं."

"दाखव."

कार्ड तेच होतं. मागे मागे गेलो. तीनशे बारा वाफा, आणि मग उंच स्टूल. आई माझ्या खांद्यावर कलून पाहत होती. एकेक पुढे नेत होतो, ही या लेन्सची, ही त्या लेन्सची, असं सांगत. एके ठिकाणी तिने माझा अंगठा धरला.

आई स्टुलावर. हातात लेन्स ट्यूबलाइटकडे धरलेली, पण नजर लेन्सवरून नुकतीच उचललेली, समोर. 'केस आहे हो!' म्हणतानाचं तोंड. सहाच्या सहा दात. डोळे उघडे. माझा बाप चाळीस वर्षं जो डोळा शोधत होता तो. सगळं स्पष्ट.

"ही कुठली लेन्स?" आईने विचारलं.

"ती साधी झूम आहे."

"आणि काढला कोणी?"

मी वही आठवली. मोमोसे-साननी एकदोनदा दाबून पाहिलं होतं. मी माहितीपत्रक वाचत होतो.

"कार्ड माझं आहे," मी म्हणालो.

आईने कॅमेऱ्याचा पडदा नाकापर्यंत नेला, एक डोळा मिटला, तिरका केला. मी 'सवलत' पाटीच्या अक्षरांबद्दल सांगणार होतो. तेवढ्यात आतून नाव पुकारलं, उसामी फुसाए-सान. ती उठली, कॅमेरा माझ्या हातात दिला आणि जाताना म्हणाली, "घाबरलेलं कोणाला सांगू नकोस."

२४ ऑगस्ट, शनिवार.

आईला बोलायला अजून त्रास होतो. सूज आहे, ओठ आत गेला आहे. दार उघडलं तेव्हा क्षणभर मी दुसऱ्याच घरी आलो असं वाटलं. तिने तारीख का सांगितली होती ते त्या क्षणी कळलं. एप्रिलमध्ये समजलं होतं, कळलं आज.

फोटो मोठा छापून नेला होता. निळी पार्श्वभूमी हवी का, किमोनो चढवायचा का, असं विचारलं. मान हलवून नाही म्हणाली. स्वेटर, लेन्स, पाटी, सगळं आहे तसं. मी पाटीचा कोपरा दाखवला. अक्षरं विरघळलेली आहेत, हे सांगणं मला भाग होतं.

तिने फोटो ट्यूबलाइटखाली धरला. तिरका केला. एकोणतीस वर्षं जसं पाहिलं तसं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. मग शिवणाच्या डब्यातून लाल पेन्सिल काढली आणि फोटो उलटा करून मागे एक ठिपका दिला.

"नापास?" मी विचारलं.

गालावर रुमाल धरून ती बोबडं बोलली, एकेक शब्द. "चांगल्या... गिऱ्हाइकाकडे जायच्या. घरी... याच यायच्या."

फोटो तिने देव्हाऱ्याशेजारच्या खणात ठेवला, बुरशी लागलेल्या लेन्सपाशी, आणि खण लावून घेतला. मग मला कलिंगड कापून दिलं. स्वतः खाल्लं नाही, मी खाताना पाहत बसली.

घरी आलो. पंच्याऐंशी मिलिमीटरची परत विकायला पाठवायची आहे. चिहारुने विचारलं, मोमोसे-सानना एक प्रत पाठवशील ना. पाठवीन म्हणालो. थोडा वेळ लागला म्हणायला.

कपाटापाशी उभा राहिलो. आत चाळीस टक्के. खालच्या दोन कप्प्यांत आता जागा उरलेली नाही. पावसाळा संपला तरी नोरी वाढतेच आहे.

उद्या: वरचा कप्पा चिहारुला रिकामा करून देणे.